क्षितिजाच्या खाली

गेल्या महिन्यात, जवळजवळ पंचवीस वर्षांनी, मी खेकडे पकडायला वाळूत उतरले आणि पहिल्या अर्ध्या तासात एकही हाती लागला नाही. खेकडे नव्हते असं नाही. वीस पावलांवरचा ओल्या वाळूचा सगळा पट्टा बारीक बारीक हलत होता. मी तिकडे एक पाऊल टाकलं की हालचाल थांबायची, दुसऱ्या पावलाला पट्टा रिकामा व्हायचा आणि मी पोचेपर्यंत तिथे फक्त भोकं उरलेली असायची, पेन्सिलीच्या टोकाने पाडावीत तशी गोल आणि स्वच्छ. माझ्यासोबत सात वर्षांचा भाचा होता. त्याने तोवर दोन पकडून सोडलेही होते. माझी चाललेली धावाधाव तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, तू खूप उंच आहेस. बस ना खाली."

मी उकिडवी बसले. थोड्या वेळाने पट्टा पुन्हा हलायला लागला.

त्याची आई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मला खेकडे पकडायला तिनेच शिकवलं. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. सुट्टीत आम्ही पोरंपोरी ओहोटीच्या वेळी वाळूत उतरायचो. बाकीचे आरडाओरडा करत पळायचे, खेकड्यांवर झडप घालायचे, आणि संध्याकाळी वाळूने भरलेले रिकामे हात घेऊन परत यायचे. ताई पळायची नाही. ती एका जागी बसायची, फ्रॉकचा घेर मांड्यांत दाबून, आणि उजवा हात वाळूवर उपडा ठेवायची. मग तो हात पुढे सरकायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याला तो सरकतोय हेसुद्धा कळू नये. शेवटच्या चार बोटं अंतरावर एकदम काहीतरी व्हायचं आणि तळव्याखाली खेकडा असायचा. मी तिला विचारायचे, "कसं ग?" ती सांगायची, "हात टाकायचा नाही. ठेवायचा."

तेव्हा हे नुसतं ऐकून घेतलं होतं. त्यामागचं कारण मला फार नंतर, मोठेपणी वाचताना सापडलं. खेकड्याचे डोळे देठांवर असतात आणि सपाट किनाऱ्यावर राहणाऱ्या फिडलर क्रॅबसारख्या खेकड्यांच्या डोळ्यांत सगळ्यात तीक्ष्ण नजरेचा एक अरुंद आडवा पट्टा असतो. तो नेमका क्षितिजाच्या रेषेवर रोखलेला असतो. मायकल लँड आणि जॉन लेन या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की हे खेकडे क्षितिजरेषेचा उपयोग निवाडा करायला करतात. हलणारी वस्तू त्या रेषेच्या खाली दिसली तर ती दुसरा खेकडा समजायची, रेषेच्या वर डोकावली तर शत्रू. फिडलर क्रॅबच्या डोळ्यांची उंची वाळूपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. त्याहून उंच काहीही असलं, तर ते कितीही लांब असो, त्याचा थोडा तरी भाग आभाळात जातो. पक्षी आभाळात असतो. उभा माणूस तर जवळजवळ सगळाच आभाळात असतो.

हे वाचलं तेव्हा मी ताईला फोन केला होता. ती कामात होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वाळूला चिकटून गेलेला हात त्यांना हात वाटतच नाही." एका वाक्यात तिने दोन शास्त्रज्ञांचं काम आणि स्वतःचं लहानपण जोडून टाकलं. वाळूवरून सरपटणारा हात क्षितिजाच्या जवळपास खालीच राहतो. वरून येणारा हात पक्ष्याच्या वाटेने येतो, मग तो कितीही चपळ असला तरी उशीरच झालेला असतो.

मला तेव्हापासून वाटत आलंय की लहान मुलांना खेकडे सापडतात त्याचं कारण त्यांची चपळाई नाही. ती जमिनीजवळ असतात, आणि मुख्य म्हणजे जमिनीजवळ बराच वेळ राहायला तयार असतात. मोठी माणसं वाकतात, पण वाकणं म्हणजे उभं राहण्याचाच एक प्रकार. डोकं आभाळातच राहतं.

किनारा लांबून एकसारखा दिसतो. हाताने खेकडे शोधायला लागलं की त्याचे मजले कळतात. अगदी खाली, जिथे लाट पसरते आणि मागे सरते, तिथल्या सरकत्या वाळूत अंड्याच्या आकाराचे, राखाडी, गुळगुळीत जीव असतात. इंग्रजी नावाने त्यांना मोल क्रॅब म्हणतात. त्यांना नांग्या नसतात, चावायला काही नसतं, ते बाजूला चालतही नाहीत. सगळी कामं मागे मागे जात करतात, अगदी वाळूत घुसणंसुद्धा. लाट परतायला लागली की वाळूतून दोन पिसांसारख्या मिशा वर काढतात आणि परतत्या पाण्यातले बारीक कण गाळून घेतात. लाट मागे गेली की ओल्या वाळूवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक रेघांची नक्षी उमटते. त्या खुणेच्या खाली दोन्ही हात घालून वाळूसकट ओंजळ उचलायची आणि वाळू गळू द्यायची. शेवटी तळव्यावर काहीतरी खोदायला लागतं. ज्याला भीती वाटते त्याने इथून सुरुवात करावी. माझ्या आयुष्यातला पहिला खेकडा हाच. त्याने माझ्या बोटांच्या फटीत मागच्या बाजूने घुसायचा असा काही जोर लावला की मी हसत सुटले, आणि हसता हसता तो पडून गेला. खऱ्या खेकड्यांपेक्षा शंखात राहणाऱ्या खेकड्यांशी त्याचं नातं जास्त जवळचं, हे पुढे कळलं. पहिल्या खेकड्याच्या यादीतून मी त्याला तरीही काढलेलं नाही.

त्याच्या वरचा पट्टा गोळ्या करणाऱ्यांचा. हे करंगळीच्या नखाएवढे. ओहोटी लागून वाळू उघडी पडली की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं शेवाळ आणि सेंद्रिय कण खरवडून खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. एक गोळी, दुसरी गोळी, बिळापासून सरळ एका रेषेत बाहेर. मग परत येऊन शेजारची रेष. तास-दोन तासांत बिळाभोवती सूर्याच्या किरणांसारखं चित्र तयार होतं. चित्र आपल्याला दिसतं, खेकड्याला घरी पळायची वाट मोकळी ठेवायची असते. कुठूनही पळायचं झालं तरी गोळ्यांमधली एक सरळ गल्ली बिळाच्या तोंडाशी जाते. पळणाऱ्या पोरांना हे खेकडे कधीच सापडत नाहीत त्याचं कारण ही गल्ली. खेकडा घरापासून वीतभर अंतरावर असतो आणि वाट पाठ असते.

आणि सगळ्यात वर, भरतीच्या रेषेपलीकडे कोरड्या वाळूपर्यंत, घोस्ट क्रॅबची बिळं. वाळूच्या रंगाचे, उंच पायांवर उचललेले, दिवेलागणीला बाहेर पडणारे खेकडे. त्यांची बिळं मीटरभर खोलही जातात, तळाशी गारवा आणि ओल असते. त्यांना श्वास घ्यायला कल्लेच असतात, आणि कल्ले ओले ठेवावे लागतात. त्यासाठी दर वेळी समुद्रापर्यंत जायची गरज नसते. पायांच्या मुळाशी केसांचे झुबके असतात, ओल्या वाळूवर नुसतं बसलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्या केसांतून वर चढतं. मला हे फार आवडतं. समुद्र सोडून वर राहायला आलेला हा जीव वाळूतून घोटघोट समुद्र ओढून घेतो.

मोठा घोस्ट क्रॅब पळायला लागला की सेकंदाला २ मीटर अंतर सहज कापतो. त्याच्या मागे धावून काही होत नाही. ताई त्याच्या मागे कधीच गेली नाही. ती आधी त्याच्या बिळाकडे जायची. खेकडा बाहेर लांब गेलेला असला की बिळाच्या तोंडावर तळवा ठेवून बसायची आणि मला पलीकडून हळूहळू यायला सांगायची. खेकडा घराकडे यायचा. दारात हात. तिथे तो क्षणभर अडखळायचा, आणि तो क्षण तिला पुरायचा. दुसऱ्या हाताचा पोकळ तळवा त्याच्यावर आणि खाली हलका दाब, वाळू दबेल इतका, कवच दबणार नाही इतका. मग अंगठा आणि तर्जनी कवचाच्या मागच्या दोन कडांना, शेवटच्या पायांच्या वर. नांग्या पुढे आणि बाजूला वळतात, पाठीमागे पोचत नाहीत. तेवढी एक जागा माणसाच्या बोटांना मिळते.

चिमटा बसायचाच. बसला की हात झटकायचा नाही, हा ताईचा दुसरा नियम. हात तसाच वाळूवर किंवा पाण्यात टेकवायचा. पायाखाली जमीन आली की खेकडा सोडतो, कारण त्याला आपल्या बोटाशी काही घेणं नसतं, त्याला जायचं असतं. हा नियम मी मोडला आणि त्याची किंमत मी नाही भरली, खेकड्याने भरली.

मी नऊ वर्षांची होते. मधल्या बोटाला कडकडून चिमटा बसला आणि मी हात झटकला. खेकडा लांब जाऊन पडला, आणि माझ्या बोटावर नांगी तशीच लटकत राहिली. ती अजून दाबत होती. मी किंचाळले, ते दुखलं म्हणून नव्हतं. ताईने नांगी सोडवली, तो खेकडा जिथे पडला होता तिथे जाऊन बघितलं. तो केव्हाच बिळात गेला होता. त्या दिवशी तिने मला काहीच बोललं नाही, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

खेकडे स्वतःच पाय किंवा नांगी तोडून टाकतात, हे नंतर समजलं. पायाच्या मुळाशी ठरलेली एक जागा असते, तिथे तो सांधा आतून सुटतो, आणि सुटल्यासरशी एक पातळ पडदा जखम बंद करतो, म्हणजे रक्त वाहून जात नाही. त्यांचं रक्त निळसर असतं, त्यात लोहाऐवजी तांबं असतं. गेलेला अवयव पुढच्या काही कात टाकण्यांत परत येतो, आधी छोटा, मग थोडा मोठा. हे सगळं वाचून माझी अपराधी भावना कमी व्हायला हवी होती. पण नांगी वाढेपर्यंत तो खेकडा अर्ध्या हत्यारानिशी जगणार, भांडणात हरणार, खायलाही त्याला वेळ लागणार. त्याची सुटका करणारी ती युक्ती पक्ष्याच्या चोचीसाठी होती. माझ्या खेळासाठी ती त्याला खर्च करावी लागली. तेव्हापासून मी कोणालाही खेकडा पायाला धरून उचलू देत नाही. ओळखीचं असो वा नसो, मूल पायाला धरताना दिसलं तर मी उठून जाते.

कात टाकण्यावरून आठवलं. परवा भाचा एकदम गप्प झाला आणि हात पुढे करून माझ्याकडे आला. तळव्यावर एक पूर्ण खेकडा, पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ, सगळं जागच्या जागी, आणि हलत नव्हता. "मावशी, हा मेला. मी नाही मारला." मी तो घेतला. हातात काहीच वजन नव्हतं. कवचाची मागची कड उचलून बघितली तर ती पेटीच्या झाकणासारखी उघडली, आत पोकळ. मी त्याला सांगितलं की हा खेकडा नाही, त्याचं जुनं अंग आहे. तो पाणी पिऊन फुगतो, जुनं कवच मागून उकलतं आणि तो उलटा उलटा त्यातून बाहेर येतो. पायांच्या नळ्यांतून पाय काढतो, डोळ्यांवरच्या टोप्या काढतो, जठराच्या आतलं अस्तरसुद्धा बदलतो. नवीन अंग काही काळ मऊ असतं, तोवर कुठेतरी लपून राहतो. भाच्याने ते कवच डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. "म्हणजे तो आता मोठा झालाय आणि लपलाय." हो. "मग इथे कोणी पाय नका देऊ," असं त्याने आजूबाजूला कोणी नसताना मोठ्याने सांगितलं.

पकडलेल्या खेकड्याला उलटं करून बघणं हा ताईचा तिसरा नियम होता. पोटाला दुमडून चिकटलेली एक झडप असते. ती अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, अर्धगोल असेल तर मादी. आणि मादीच्या झडपेखाली कधी कधी अंड्यांचा पुंजका असतो, हजारो बारीक मणी एकत्र. ताजी अंडी पुष्कळदा नारिंगी-पिवळी असतात, आतल्या पिल्लांचे डोळे तयार व्हायला लागले की पुंजका काळपट होत जातो. अशी मादी हाती आली तर ताई एक शब्दही न बोलता ती होती तिथेच ठेवायची. तिला दाखवायलाही देत नसे. मी हट्ट केला तर म्हणायची, "तिला काम आहे."

ते काम किती मोठं आहे हे तिलाही तेव्हा माहीत नसणार. अंड्यांतून बाहेर येणारं पिल्लू खेकड्यासारखं दिसतच नाही. मोठे डोळे, पाठीवर लांब काटा, वळवळती शेपूट, पाण्यात तरंगणारं काहीतरी. ते इतकं वेगळं दिसतं की १८०२ मध्ये बॉस्क या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने त्याला स्वतंत्र प्राणी समजून झोइया असं नाव दिलं होतं. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात नेमणूक असलेल्या जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने १८२० च्या दशकात जाळीने समुद्रातले बारीक जीव गोळा केले, ते भांड्यात ठेवून वाढताना बघितले, आणि हे झोइया म्हणजे खेकड्यांची पिल्लं आहेत हे ओळखलं. त्याचं म्हणणं सगळ्यांनी सहज मान्य केलं नाही. मला हा डॉक्टर जवळचा वाटतो. आपल्या नोकरीधंद्याशी काडीचाही संबंध नसलेली गोष्ट भांड्यात ठेवून तो रोज बघत राहिला. आमच्या हातावर चालणारा नखाएवढा खेकडा आधी उघड्या समुद्रात तरंगून, कितीदा तरी कात टाकून, हजारोंतून एखादा वाचतो तसा वाचून किनाऱ्याला लागलेला असतो. त्याला आपण 'छोटा' म्हणतो.

बादलीबद्दल थोडं लिहायला हवं. लहानपणी आमच्याकडे प्लास्टिकची एक लाल बादली होती आणि आम्ही ती पाण्याने भरायचो, कारण खेकडे समुद्रातले म्हणून त्यांना पाणी हवं असं आम्हाला वाटायचं. भरपूर खेकडे टाकायचो. थोड्या वेळाने त्यातले काही मरगळायचे. आता कळतं की साठलेल्या उथळ पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपतो, पाणी उन्हात तापतं, आणि गर्दीत ते एकमेकांचे पाय तोडतात. न्यायचीच असेल बादली तर तळाला ओली वाळू, वर सावली, एका वेळी एखाद-दुसरा खेकडा आणि काही मिनिटं. मी तर आता बादली नेतच नाही.

त्याच बादलीने माझं आणखी एक मत बदललं. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. झाकण लावायची गरज नाही, एक वर चढायला लागला की दुसरे त्याचे पाय ओढतात. ही गोष्ट माणसांना टोमणा मारायला वापरतात, आणि बिचाऱ्या खेकड्यांच्या नावावर एक दुर्गुण कायमचा लागलाय. मी बादलीत वाकून तासन् तास बघितलंय. तिथे कोणी कोणाला ओढत नाही. बादलीची भिंत गुळगुळीत असते, पायाला धरायला काही नसतं. वर चढणाऱ्याचा पाय ही एकच खरखरीत गोष्ट हाताशी येते, म्हणून खालचा ती धरतो. त्यालाही वरच जायचं असतं. आणि मुळात टोपली त्यांनी विणलेली नाही. मोकळ्या वाळूवर एका खेकड्याने दुसऱ्याला मागे ओढलेलं मी पाहिलेलं नाही. भांडताना पाहिलंय, बीळ बळकावताना पाहिलंय, पण ते जगण्याचं भांडण आहे. ही म्हण कोणी वापरली की मला वाईट वाटतं, आणि मी ते बोलूनही दाखवते.

मग एक प्रश्न उरतोच. इतकं वाटतं तर पकडायचे कशाला? हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारत आले, आणि मधली पंचवीस वर्षं वाळूत उतरले नाही त्याचं हेही एक कारण होतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवुड यांनी खेकड्यांवर प्रयोग केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात किनाऱ्यावरच्या खेकड्यांना उजेडात ठेवून लपायला दोन अंधारे आडोसे दिले. एका आडोशात विजेचा झटका बसायचा. काही फेऱ्यांनंतर बहुतेक खेकडे तो आडोसा सोडून दुसरा निवडायला लागले. लपण्याची ओढ इतकी मोठी, तरी त्यांनी नेहमीची जागा सोडली. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने एवढं होत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस यांना संवेदना असलेल्या प्राण्यांत धरलं, त्यामागे अशा संशोधनाचा आधार होता. आणि २०१९ मध्ये घोस्ट क्रॅबबद्दल एक अभ्यास आला. त्यांच्या जठरात अन्न दळायला दात असतात, आणि शत्रू समोर आला की ते दात घासून ते पोटातून आवाज काढतात, नांग्या लढायला मोकळ्या ठेवून. तो वाचला तेव्हा मला तळहात आठवला. लहानपणी मुठीत जाणवायची ती किरकिर. आम्ही म्हणायचो, खेकडा बोलतोय.

तो बोलतच होता. सोड म्हणत होता.

तरीही मी पुन्हा उतरले, त्याला कारण भाचा. तो खेकड्यांचे व्हिडिओ बघायचा, त्यांची नावं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती, पण खेकड्याचे पाय तळव्यावर कसे लागतात हे त्याला माहीत नव्हतं. ते ओले असत नाहीत फारसे, थंड असतात, आणि टोकं इतकी बारीक असतात की चालताना कोणीतरी बोटांवर टिंबं देत गेल्यासारखं वाटतं. हे कुठल्या व्हिडिओत कळणार नाही. माझ्यात खेकड्याबद्दल जी काही कणव आहे ती वाचनातून आलेली नाही, त्या टिंबांतून आलीय. त्याची किंमत खेकडे भरतात हे मला कबूल आहे. म्हणून ती कमीत कमी ठेवायची, एवढंच माझ्या हातात आहे. बीळ खणायचं नाही. हाताला मलम, तेल, काही लावलेलं नको. हात आधी समुद्रात भिजवायचा. पकडला तिथेच सोडायचा. शंखातल्याला शंखातून ओढायचं नाही, तो तुटेल पण सोडणार नाही. आणि ताईचा शेवटचा नियम: दहा आकडे. दहा मोजून झाले की खेकडा खाली.

लहानपणी मी ते दहा आकडे किती लांबवायचे! 'सात' म्हणून झाल्यावर बराच वेळ खेकड्याकडे बघत राहायचे. ताई ओरडायची, "आठ!"

त्या संध्याकाळी ताई वर कोरड्या वाळूत बसली होती. तिला आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, ती खुर्ची घेऊन आली होती. तिथूनच तिने मला हाक मारून सांगितलं, "अग, आडवी पड सरळ!" मी आजूबाजूला बघितलं आणि ओल्या वाळूवर पालथी पडले. हनुवटी वाळूत. भाचाही शेजारी आडवा झाला. डोळे वाळूपासून वीतभर वर आल्यावर किनारा पार बदलला. गोळ्या टेकड्यांएवढ्या झाल्या, गल्ल्या दिसायला लागल्या, आणि क्षितिज अगदी समोर, एका सरळ रेषेत. मी उजवा हात पुढे ठेवला आणि तो सरकवायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही. एका भोकातून आधी दोन देठ वर आले, मग थोडी वाळू बाहेर फेकली गेली, मग तो आला आणि माझ्या हाताकडे पाठ करून खायला बसला.

मी हात ठेवला.

वाळूसकट ओंजळ वर घेतली. वाळू गळली आणि तो उरला, राखाडी, नखाएवढा, तोंडाशी बारीक फेस. खेकडा पाण्याबाहेर कल्ल्यांतल्या पाण्यातून हवा खेळवायला लागला की असा फेस येतो. पंचवीस वर्षांनी ती टिंबं परत तळव्यावर. मी भाच्याला म्हटलं, "मोज."

मला वाटलं होतं तो माझ्यासारखाच लांबवेल. त्याने फेसाकडे बघितलं आणि एका श्वासात म्हणून टाकलं, "एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा. मावशी, सोड आता, त्याला पाणी हवंय."

मी बोटं वाळूला टेकवली. तो उतरला, गल्लीतून सरळ पळाला आणि बिळाच्या तोंडाशी थांबला. लांबून पाण्याची एक पातळ जीभ वर येत होती, भरती लागली होती. त्याने आतून वाळू ओढून घ्यायला सुरुवात केली. एक घास, दुसरा घास, भोक लहान होत गेलं आणि शेवटी नुसती वाळू राहिली. आत थोडी हवा घेऊन तो पुढच्या ओहोटीपर्यंत बसणार होता, सहा-एक तास. वरून ताई हाका मारत होती. पाणी कोपरांपर्यंत आलं तरी आम्ही दोघं त्या जागेकडे बघत पडून होतो.